सुतारासमोरची जागा

२ मे

निघालो एकदाचे! गाडी ताईंची. ताई म्हणजे माझी मोठी नणंद. त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल आहे, म्हणून गाडीही शिकवायचीच — छपरावर पिवळी पाटी, मागच्या काचेवर लाल अक्षरांत 'शिकाऊ चालक', आणि ब्रेक दोन. एक चालवणाऱ्याच्या पायाशी, एक शेजारच्याच्या. "निदान पाटी तरी काढा," म्हटलं. "स्क्रू गंजलेत. आणि असू दे गं, लोक चार हात लांब राहतात."

सहा शहरं, सहा कार्यक्रम. कॉलेजात असल्यापासून ज्या बँडच्या मागे वेडी आहे त्यांचा हा बहुतेक शेवटचा मोठा दौरा. 'बहुतेक' हा त्यांचाच शब्द. शाळेला सुट्टी आहे, गुडघे अजून जागेवर आहेत. आता नाही तर कधी!

नवऱ्याने दारात विचारलं, "तीच गाणी सहा वेळा ऐकणार?" मी म्हटलं, "तुम्ही हरलेली मॅच पुन्हा पुन्हा बघता ती?" गाडी कोपऱ्यावर पोचली नाही तोच फोन — "साखरेचा डबा कुठाय?"

ताईंना बँडचं काही सोयरसुतक नाही. "मला लांबचा रस्ता हवाय. जन्मभर त्याच चार गल्ल्यांत लोकांना उलटी गाडी घ्यायला शिकवतेय."

४ मे

काल पहिला कार्यक्रम. पाय सुजलेत, डोळे सुजलेत, आणि मी खूश आहे.

दुपारपासून रांगेत. रांगेतली मंडळी वर्षानुवर्षांची ओळखीची, पण नाव कुणाचं कुणाला माहीत नाही. आमची एक रीत आहे — पुढच्या कठड्याला लागून कोण कुठे उभं राहणार हे फार पूर्वीच ठरून गेलंय. चहाला जायचं तर पाण्याची बाटली ठेवून जायचं. बाटलीला कुणी हात लावत नाही, जागेला तर नाहीच. माझी जागा मधोमध, सुतारासमोर.

सुतार म्हणजे गायक. बँडच्या आधी खरोखर दारं-खिडक्या करायचा, तेव्हापासून सगळे सुतारच म्हणतात. ड्रम वाजवणारा ढोल्या — अंगावर मूठभर मांस नाही, म्हणून ढोल्या.

आणि काय गायला! साठी उलटली, केस गेले, पण आवाज तोच — खरखरीत, आणि वर चढताना कुठेतरी दुखावल्यासारखा. खिडकीचं गाणं सुरू झालं आणि मी रडले. पहिल्याच दिवशी रडायचं नाही असं ठरवून आले होते. या दौऱ्यात एक नवीन — तो अनवाणी गातो. मधेच स्पीकरच्या लाकडावर हात टेकतो. रांगेतले म्हणाले, साधेपणा! वयाबरोबर येतो तसा.

मी त्याच्याबरोबर गाते, पण आवाज न काढता. माझा आवाज ऐकून शेजारचे तिकिटाचे पैसे परत मागतील. नुसते ओठ हलवते, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. ताई मागे खुर्चीत होत्या, कानात कापूस घालून. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "तू गाताना लांबून दात मोजता येतात गं!" काय करणार, कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते. दिवसभर मुलं माझ्या ओठांवरून शब्द उचलतात, तर ओठ स्वच्छच हलायला लागतात. घरी नवऱ्याशी भांडते तेसुद्धा समोरच्या इमारतीत वाचता येत असणार.

५ मे

दिवसभर मी गाडी चालवली. ताई शेजारी. मी ब्रेक लावायच्या आधीच गाडी थांबते! "सवय आहे," म्हणाल्या. सवय कसली, अविश्वास आहे.

७ मे

हे लिहू की नको? लिहिते, इथे कोण वाचतंय!

काल बंदराच्या शहरात दुसरा कार्यक्रम. सुतार माझ्याकडे बघत होता. अधूनमधून नाही — सारखा. पुलाच्या गाण्यात तर दोन कडवी सबंध. पहिल्यांदा वाटलं, माझ्या मागे कुणी असेल. वळून पाहिलं तर एक टकला माणूस जांभई देत होता. मग वाटलं, चेहऱ्याला काही लागलंय. नंतर नंतर काही वाटायचंच थांबलं, नुसती गात राहिले. एक गाणं संपलं तेव्हा त्याने माझ्याकडे बघून मान हलवली. आभार मानल्यासारखी!

पन्नाशीच्या बाईने लिहायच्या गोष्टी नाहीत या. पण इतकी वर्षं आपण एका माणसाला बघतो आणि एक दिवस तो आपल्याला बघतो, तर काय करावं? कान गरम झाले होते माझे. ताईंना सांगितलं. "चष्मा काढून गात असेल," म्हणाल्या. "समोर काहीतरी हलतंय एवढंच दिसत असेल त्याला."

ताई म्हणजे ना!

८ मे

लिपस्टिक घेतली. गडद. ताईंनी नुसतं आरशातून बघून घेतलं.

१० मे

फुगा फुटला. बरं झालं फुटला.

काल तिसरा कार्यक्रम, डोंगरातल्या शहरात. खिडकीच्या गाण्यात मधे लांबलचक गिटार आहे, ती संपली की तिसरं कडवं. सुताराने गिटार चालू असतानाच तोंड उघडलं. अर्धा शब्द बाहेर आलाही. मी अजून गप्प होते, कारण शब्द आलेलाच नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच तोंड मिटलं. गिटार संपली, मी सुरू केलं — आणि त्यानेही केलं. माझ्या मागोमाग, एका श्वासाचं अंतर ठेवून.

मग मी मुद्दाम पुढच्या गाण्यात ओठ मिटून घेतले. तो गडबडला. पुन्हा हलवले, तो सावरला. दोनदा करून पाहिलं. पुढे करवलं नाही.

म्हणजे तो माझ्याकडे बघत नाहीये. माझे ओठ वाचतोय! तो विसरायला लागलाय. स्वतःची गाणी, जी मला झोपेत येतात, ती तो विसरतोय. आणि तिथे हजारो लोकांसमोर त्याला एकच बाई सापडली आहे जिच्या तोंडावर सगळे शब्द स्पष्ट दिसतात. मी लाजत काय होते, लिपस्टिक काय घेतली! स्वतःचंच हसू आलं, आणि मग बराच वेळ आलं नाही.

ताईंना सकाळी चहा पिताना सांगितलं. या वेळी थट्टा नाही केली. "मग नीट हलव ओठ," एवढंच म्हणाल्या.

११ मे

आज चौथा. केस पिनांनी घट्ट मागे बांधले. लिपस्टिक गडद — वर्गात लावते तशीच, मुलांना ओठांची कड दिसावी म्हणून. तोंडासमोर हात नाही, च्युइंग गम नाही, रडायचं नाही. रडताना ओठ वाकडे होतात.

कामावर चाललेय असं वाटतंय.

१२ मे

डोकं ठिकाणावर नाही, पण लिहिलंच पाहिजे.

कालचा कार्यक्रम उत्तम झाला. मी एक शब्द सोडला नाही, तोही कुठे अडला नाही. मधे एकाने मोठ्याने ओरडून पुलाचं गाणं मागितलं. सुतार हसून म्हणाला, "तुमचंही शहर छान आहे." लोक हसले. मला वाटलं, झालं, आता बोलणंही हातातून चाललं बिचाऱ्याचं.

आज सकाळी गाडी काढायला गेलो तर थिएटरच्या मागच्या बोळात बँडचा ट्रक आडवा. ट्रकवाल्याला मागे घेता येईना. ताईंच्या हाताला खाज सुटली! "थांबा, मी सांगते. स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे. पूर्ण म्हटलं की पूर्ण!" ट्रकवाला मुकाट्याने ऐकायला लागला.

ट्रकच्या मागे सामानाच्या एका पेटीपाशी सुतार बसला होता. पाठ आमच्याकडे, हातात स्क्रू ड्रायव्हर, पेटीचं बिजागर बसवत होता. ट्रक मागे येतोय, रिव्हर्सची पीं-पीं चालू, ट्रकवाला ओरडतोय, "बाजूला व्हा हो!" हा ढिम्म. ताई ओरडल्या. मी ओरडले. शेजारच्या गॅलरीतली बाईसुद्धा ओरडली! शेवटी ताईंनी ट्रकच्या पत्र्यावर अशी थाप मारली की ट्रक जागच्या जागी थांबला, आणि त्या हिसक्याने जमीन हादरली तेव्हा हा वळला. आवाजाने नाही, हादऱ्याने. पाय अनवाणीच होते.

आमच्या वर्गातली पोरं अशीच वळतात. हाक मारून नाही, बाकावर थाप मारली की.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! सबंध आयुष्य ज्या गोष्टीत घातलं तीच माझ्या नाकासमोर चार कार्यक्रम उभी होती, आणि मी म्हणत होते विसरतोय. अनवाणी पाय. स्पीकरवर हात. विचारलेलं एक, उत्तर दुसरंच. वर्गात पहिल्या दिवशी मला जे दिसतं ते तिकीट काढून गेल्यावर दिसलं नाही.

मी जाऊन त्याच्या समोर उभी राहिले. त्याने डोळ्यांत नाही पाहिलं, सरळ ओठांकडे. मी आवाज न काढता, नुसते ओठ हलवून विचारलं, "ऐकू येईनासं होऊन किती दिवस झाले?"

"उजवा जाऊन दोन-तीन वर्षं झाली," तो म्हणाला, मोठ्याने. "डाव्यात थोडं आहे अजून."

"मी आवाज काढला नव्हता," मी सांगितलं, तेही तसंच.

स्क्रू ड्रायव्हर थांबला. ताई बाजूला उभ्या. त्यांना फक्त त्याचाच आवाज येत होता. नंतर म्हणाल्या, "मला वाटलं, हा एकटाच बडबडायला लागला."

तेवढ्यात एक बाई धावत आली, गळ्यात हेडफोन. तिला मी ओळखत होते, स्टेजच्या कडेला बटणांच्या पाटापाशी बसते ती साउंडवाली. बँडमधल्या प्रत्येकाच्या कानात जे छोट्या स्पीकरचे बोळे असतात, त्यांत कोणाला किती आवाज सोडायचा हे तिच्या हातात. तिला सगळं माहीत आहे. बाकी बँडमध्ये कुणाला नाही. "ढोल्याला वाटतं, मी म्हातारा झालो म्हणून ताल चुकतो," सुतार म्हणाला. "वाटू दे."

मग सगळं सांगितलं त्याने, पेटीवर बसून. शब्द सगळे पाठ आहेत, एकही विसरलेला नाही. फक्त गाणं कुठे पोचलंय ते कळत नाही. म्हणून कानात मोठ्ठा आवाज सोडायला लावतो, आणि जिथे तोही पुरत नाही तिथे माझे ओठ. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय — हा आवाजच कान खातोय. आता थांबलात तर डाव्यात आहे तेवढं राहील, चालू ठेवलंत तर तेही जाईल.

"मग थांबा ना!" मी म्हटलं. आता मोठ्याने, सगळ्या बोळाला ऐकू जाईल असं.

"राखून काय करू? दारावरची घंटी ऐकू?"

काय सांगणार? मुलांच्या आयांना, बापांना, आजोबांना द्यायला माझ्याकडे उत्तरं तयार असतात. याला काय सांगावं ते सुचलं नाही. तो म्हणाला, "दोनच राहिलेत, बाई. समोर उभ्या राहा." मी शिक्षिका आहे हे मी सांगितलेलं नव्हतं.

निघताना साउंडवालीने माझा नंबर घेतला. कशाला ते तिलाही माहीत नसावं.

१२ मे, संध्याकाळ

गाडीत ताईंशी भांडले. म्हणजे मीच भांडले, त्या गाडी चालवत होत्या.

मी म्हटलं, माझ्या जिवावर त्याचं निभावतंय. निभावतंय म्हणून तो थांबत नाही. म्हणजे त्याचा कान मी घालवतेय! शाळेत आम्ही आयांना पहिली गोष्ट हीच सांगतो, मुलाच्या वतीने तुम्ही बोलू नका. मी समोर उभी राहिले नाही तर तो अडेल, अडला तर थांबेल, थांबला तर कान वाचेल. सरळ हिशेब. "तुम्ही शेजारी बसून ब्रेक लावता ना? तसा मी लावणार."

"शेजारचा ब्रेक शिकाऊसाठी असतो," ताई म्हणाल्या. "ज्याला गाडी येते त्याच्या गाडीत मी पाय पोटाशी घेऊन बसते."

"माझ्या गाडीत तर लावता!"

"तुला कुठे येते?"

पण माझं ठरलंय. उद्या मी मागे उभी राहणार.

१४ मे

काय करून बसले मी.

काल कारखान्यांच्या शहरात पाचवा कार्यक्रम. ठरवल्याप्रमाणे मागे, ताईंच्या खुर्चीशेजारी. मला वाटलं होतं, माझ्या जागी कुणीतरी येईल. कुणी आलं नाही! आमची ती रीत. बाटली नव्हती, मी नव्हते, तरी रांगेतल्यांनी जागा तशीच ठेवली. कठड्याशी माणसांची भिंत आणि बरोबर मधोमध एक खिंडार, पडलेल्या दातासारखं. सुतार आला आणि त्याने पहिल्यांदा तिथेच पाहिलं.

पहिली तीन गाणी निभावली. पुलाच्या गाण्यात तो लवकर शिरला. ढोल्याने काठ्या उंच उंच करून ताल दाखवायचा प्रयत्न केला. मग उशिरा. मग बँड एकीकडे आणि हा भलतीकडे, आणि त्याला ते कळत नाहीये — ते बघणं! लोक आधी हसले, मग कुजबुज, मग मागून कुणीतरी, "घरी जा, म्हाताऱ्या!" मला त्या माणसाचं तोंड फोडावंसं वाटलं. पण त्याला तिथे उघडं पाडणारी मी होते.

आणि तो थांबला नाही. थांबेल असं मला वाटलं होतं. त्याने साउंडवालीकडे बघून अंगठा वर केला. आणखी आवाज. पुन्हा वर. पुन्हा. प्रत्येक गाण्यात.

मी पुढे जायला निघाले. "सोडा हो, सोडा!" करत, कोपरं मारत. अर्ध्यातच अडकले. इतकी गर्दी की हात वर करायला जागा नाही. तिथूनच ओठ हलवत राहिले, गाणी संपेपर्यंत. तिथून काय दिसणार त्याला!

सकाळी साउंडवाली आमच्या लॉजवर हजर. फोन न करता, बाहेर पाटीवाली गाडी बघून थेट आली. नाश्त्याच्या खोलीत, अंडी-पाव खाणाऱ्या चार लोकांसमोर. "काल कुठे होतात?" मी सांगायला लागले, मला वाटलं की... "तुम्हाला काय वाटलं ते ठेवा तुमच्यापाशी. काल त्याच्या कानात मला किती ओतावं लागलं माहितीये? तुम्ही समोर असता तेव्हा निम्म्यावर भागतं त्याचं. निम्म्यावर! हे बटण माझ्या हाताखाली आहे, बाई. तो अंगठा वर करतो आणि मी वाढवते. रोज मीच वाढवते." आणि रडायला लागली. ताईंनी खुर्ची ओढून दिली, चहा पुढे केला.

करायला गेले काय आणि उलटे झाले पाय. मी कान वाचवायला गेले आणि आतापर्यंत जेवढा गेला नसेल तेवढा एका संध्याकाळीत घालवला. माझ्यासमोर, माझ्यामुळे.

ताई "मी म्हटलं होतं" म्हणाल्या नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर दोनदा म्हटलं असतं.

१५ मे

शेवटचा आज. सकाळपासून रांगेत. बाटली ठेवलेली नाही, जागेवरून हललेच नाही. ताई चहा आणून देतात.

१६ मे

झाला.

मोठं मैदान, सगळ्यांत मोठी गर्दी. रांगेतल्या पलीकडच्या काकांनी माझ्या खांद्यावर थापटलं. सुतार आला, अनवाणी. मी दिसले. तो क्षणभर उभा राहिला, मग साउंडवालीपाशी जाऊन काहीतरी बोलला. ती मान हलवत होती, नाही, नाही अशी. मग हो अशी. आणि तो परत आला तो सरळ माझ्यासमोर.

दोन तास त्याने माझ्यावरून नजर काढली नाही. मी असं कधीच गायले नाही, आवाज न काढता! जिथे गिटार लांबते तिथे ओठ घट्ट मिटून, मान किंचित खाली. जिथे शिरायचं तिथे आधी श्वास दिसेल असा घ्यायचा, मग शब्द. वर्गात करते तेच सगळं, फक्त वर्ग एका माणसाचा. खिडकीच्या गाण्याला डोळे भरून आले, पण ओठ वाकडे होऊ दिले नाहीत.

एकदाही चुकला नाही. लवकर नाही, उशिरा नाही. लोक वेडे झाले. ढोल्या तर दात काढून हसत वाजवत होता.

पण एक गोष्ट लिहायलाच हवी. सूर. तिसऱ्या-चौथ्या गाण्यानंतर त्याचा सूर जरासा खाली घसरला, आणि तसाच राहिला. फार नाही, रांगेतल्या आमच्यासारख्यांनाच कळेल इतका. या दौऱ्यात ताल चुकला, जागा चुकल्या, पण सूर कधी गेला नव्हता. आणि त्याने अंगठा एकदाही वर केला नाही. आणखी आवाज मागायचा तरी कशाला, मागून काही पोचत नसेल तर? मी ओठ हलवत होते आणि मला कळत होतं — गेला. डावाही गेला. पाचव्या कार्यक्रमात तो पुन्हा पुन्हा अंगठा वर करत होता, तेव्हाच गेला असणार.

शेवटी सगळे वाकून नमस्कार करतात तसा त्यानेही केला. मग आत गेला. मी कठडा धरून उभीच होते. ताई शोधत आल्या आणि हात धरून गाडीपर्यंत नेलं.

१७ मे

परतीचा रस्ता. मी चालवली गाडी, कारण नुसतं बसून राहिले असते तर रडतच बसले असते. ताईंनी आज एकदाही ब्रेक लावला नाही. मधे एका ट्रकच्या मागे जरा जवळ गेले, तरी पाय पोटाशी.

एका ठिकाणी थांबलो तेव्हा मी म्हटलं, "त्याने मला विचारलं होतं, राखून काय करू. मला उत्तर देता आलं नाही."

"तुला कशाला द्यायचं होतं?" ताई म्हणाल्या. "कान त्याचा."

घरी आले. नवऱ्याने दार उघडलं. माझं तोंड बघून चहा टाकला. साखरेचा डबा सापडला होता वाटतं. चहा गोडमिट्ट होता, तसाच प्यायले. मग म्हणाला, "त्यांचं एखादं गाणं लाव ना. बघू काय आहे ते." लावता आलं नाही मला. उद्या लावते, म्हटलं.

१९ मे

साउंडवालीचा फोन. "तुम्हाला सांगायचं राहून गेलं," म्हणाली. शेवटच्या कार्यक्रमात तिने त्याच्या कानात काहीच सोडलं नव्हतं. त्यानेच बंद करायला लावलं, पहिल्या गाण्याच्या आधी. बाहेरचंही काही आत जाऊ नये म्हणून बोळे घट्ट बसवून दोन तास उभा होता, फक्त माझ्याकडे बघत. "सूर घसरला तो त्यामुळे. मला म्हणाला, बाई आहेत समोर, आज खर्च करायची गरज नाही."

मी विचारलं, "म्हणजे डावा कान?"

"आहे! काल तपासून आला. आहे तेवढा आहे. कशासाठी राखलाय ते अजून ठरायचंय म्हणतो."